बारा व्होल्टची बॅटरी आणि एकोणीस व्होल्टचा लॅपटॉप

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो तो कळंबोलीला. हा मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला; पण सिडकोच्या या वसाहतीला लोक ओळखतात ते लोखंड-पोलाद बाजारामुळे आणि तेथे रांगा लावून उभ्या असलेल्या ट्रकांमुळे. कळंबोलीची आणखी एक ओळख रस्त्याने जाणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. येथे ४०० किलोव्होल्टचे वीज उपकेंद्र आहे. म्हणजे डोक्यावरच्या तारांत चार लाख व्होल्ट, आणि त्याच परिसरातून धावणाऱ्या मोटारींत फक्त बारा! विद्युतदाबाची ही दोन टोके एकाच गावात पाहायला मिळतात आणि गंमत अशी, की दोन्हीकडचे गणित एकच आहे. ते गणित आपण या वेळी बाराच्या टोकाकडून पाहू. निमित्त आहे मोटारीच्या विजेवर लॅपटॉप चालवण्याचे.

शिक्षकांना हा विषय परका वाटायला नको. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतील कित्येक गावे काही आठवडे अंधारात राहिली. करोनामुळे शाळा बंद होत्या आणि त्याच जून महिन्यात शिकवणे मोबाइल व संगणकाच्या पडद्यावर आले होते. पुढे १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई या भागांतली वीज एकाएकी गेली. लोकल गाड्या थांबल्या आणि विद्यापीठाच्या परीक्षाही पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी दारात उभ्या असलेल्या मोटारीकडे लक्ष जातेच. तिच्यात बॅटरी आहे, बॅटरीत वीज आहे. मग तिच्यावर लॅपटॉप का चालवू नये?

चालवता येतो. पण पुष्कळांच्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते: "बारा व्होल्ट तर आहेत, त्यांनी काय होणार?" झटका बसणार नाही, हे खरे आहे. कोरड्या हाताने मोटारीच्या बॅटरीची दोन्ही टोके धरली तरी काही जाणवत नाही. पण दाब कमी आहे म्हणून धोका कमी, हा निष्कर्ष चुकीचा आहे. येथे भीती झटक्याची नसून उष्णतेची आहे, आणि ती उष्णता दाब कमी असल्यामुळेच वाढते. हे कसे, ते पाहू.

लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत काही आकडे असतात. नेहमी आढळणारा नमुना म्हणजे १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. दोहोंचा गुणाकार केला की ६५ वॅट येतात. घरच्या २३० व्होल्टवर ६५ वॅट मिळवायला किती धारा लागेल? ६५ भागिले २३०, म्हणजे सुमारे ०.२८ अँपिअर. हेच ६५ वॅट १२ व्होल्टवर हवे असतील तर ६५ भागिले १२, म्हणजे ५.४ अँपिअर. धारा एकोणीस पटींहून थोडी अधिक झाली. आता जूलचा नियम आठवा. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एकोणीसचा वर्ग ३६१. अचूक आकडे घेतले तर सुमारे ३६७ येतात. म्हणजे घरात जी तार त्या लॅपटॉपसाठी वापरली तर गार राहते, तीच तार मोटारीत त्याच लॅपटॉपसाठी वापरली तर तिच्यात सुमारे ३६७ पट उष्णता निर्माण होईल. लॅपटॉप तोच, तार तीच, बदलला तो फक्त दाब.

वीज वाहून नेणाऱ्यांनी या गणिताचा फायदा उलट बाजूने घेतला आहे. समजा, ४०० मेगावॅट वीज न्यायची आहे. ४०० किलोव्होल्टच्या तीन कलांच्या वाहिनीत प्रत्येक तारेतून सुमारे पावणेसहाशे अँपिअर धारा गेली की काम होते. हीच वीज १२ व्होल्टने पाठवायचे कोणी मनात आणले, तर ३ कोटी ३३ लाख अँपिअर लागतील. तेवढी धारा वाहून नेणारी तार कोणत्याही पोलाद बाजारात मिळणार नाही! विद्यार्थी हा हिशेब फार आवडीने करतात, असा आमचा अनुभव आहे.

आता तारेकडे वळू. एक मीटर लांब आणि एक चौ. मिमी छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. बॅटरीपासून मागच्या आसनापर्यंत तीन मीटर अंतर धरले, तर जाऊन येऊन सहा मीटर तार झाली. रोध झाला सुमारे ०.१ ओहम. तिच्यातून ६ अँपिअर धारा गेली, तर दाबात ०.६ व्होल्टची घट होते आणि तारेत साडेतीन वॅटहून थोडी अधिक उष्णता तयार होते. एवढे चालण्यासारखे आहे. अर्ध्या चौ. मिमीची तार घेतली तर दोन्ही आकडे दुप्पट होतात. ही तार पायपुसण्याखालून किंवा आसनाच्या गादीखालून नेलेली असली, तर तिची उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. अडीच चौ. मिमीची तार घेतल्यास मात्र घट पाव व्होल्टवर येते. टेबल-लॅम्पची उरलेली वायर मोटारीत वापरू नये, ती यासाठी.

तारेपेक्षाही वाईट जागा म्हणजे सिगारेट लायटरचे सॉकेट. मोटारीत वीज घ्यायची म्हणजे पिन तेथेच घालायची, असा रिवाज पडला आहे. पण हे सॉकेट मुळात वीज पुरवण्यासाठी नव्हतेच. त्यात एक तापणारी गुंडाळी असायची. ती दाबायची, काही सेकंदांत लाल होऊन ती आपोआप बाहेर उडायची आणि तिच्यावर सिगारेट पेटवायची, एवढाच त्याचा उपयोग. धारा मोठी, पण क्षणभरापुरती. आता त्याच भोकात आपण तासन्‌तास पिन ठेवतो. पिनच्या टोकाशी असलेली स्प्रिंग पिनला सतत बाहेर ढकलत असते; गाडी खड्ड्यातून गेली की पिन किंचित हलते आणि संपर्क सैल होतो. सैल संपर्काच्या जागी ०.१ ओहम जरी रोध आला, तरी ६ अँपिअरला ३.६ वॅट उष्णता होते. तारेत ही उष्णता सहा मीटरभर पसरली होती. येथे ती दोन-चार मिलिमीटर जागेत, प्लॅस्टिकच्या वेढ्यात कोंडली जाते. पिन वितळून सॉकेटमध्ये चिकटल्याची उदाहरणे मोटारीचे वायरिंग करणारा कोणीही कारागीर सांगेल. अर्ध्या तासाने पिन काढून टोकाला बोट लावून पाहावे. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर ते सॉकेट त्या कामाचे नाही.

येथेच फ्यूजचा प्रश्न येतो. फ्यूज म्हणजे लॅपटॉपचा रक्षक, असे अनेकांना वाटते. तसे नाही. लॅपटॉपमधला नाजूक भाग जळायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात फ्यूजला काही कळतसुद्धा नाही. फ्यूज राखण करतो ती तारेची. मोटारीच्या बॅटरीचा अंतर्गत रोध एक शतांश ओहम किंवा त्याहूनही कमी असतो. तिची दोन टोके थेट जोडली गेली तर हजारावर अँपिअर धारा वाहू शकते. मोटारीत ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, त्यामुळे धन तारेचे वेष्टन कोठेही घासून पत्र्याला लागले की मंडल पूर्ण! म्हणून स्वतंत्र तार ओढायची तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात बसवावा. तो लॅपटॉपच्या टोकाला बसवला, तर मधल्या तीन मीटर तारेला वाली कोण? बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी का सोडवतात, याचे उत्तरही यातच आहे. धन टोक आधी सोडवू गेलो आणि पाना पत्र्याला टेकला, तर तो पानाच मंडल पूर्ण करतो.

लायटर सॉकेटचा फ्यूज बहुधा १०, १५ किंवा २० अँपिअरचा असतो. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत आकडा सापडतो. पात्यासारख्या फ्यूजचे रंगही ठरलेले आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. निळा वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी हिरवा बसवणे किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळणे हा अस्सल देशी उपाय आहे आणि गाडीला आग लावण्याचा खात्रीचा मार्गही.

आतापर्यंत आपण 'बारा व्होल्ट' म्हणत आलो. प्रत्यक्षात मोटारीत बारा व्होल्ट क्वचितच असतात. शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट एकसर जोडलेले असतात आणि भरलेल्या प्रत्येक घटाचा दाब २.१ व्होल्ट असतो. म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६. ती निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास येतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला भरत असतो, तेव्हा मल्टिमीटर १४ च्या पुढे-मागे दाखवतो. सेल्फ मारतानाच्या क्षणी स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो आणि दाब ९-१० पर्यंत कोसळतो. दिवे मंद होतात ते यामुळेच. सर्वांत वाईट प्रसंग वेगळाच आहे. अल्टरनेटर जोरात बॅटरी भरत असताना बॅटरीची सैल पट्टी निसटली, तर अल्टरनेटरची धारा एकदम निराधार होते आणि दाब क्षणभर उसळतो. १२ व्होल्टच्या गाडीत ही उसळी सेकंदाच्या काही दशांश भागापुरती १०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते. अलीकडच्या अल्टरनेटरमध्ये ती ३५ व्होल्टच्या आसपास रोखण्याची सोय असते. तरीही गाडीतल्या विजेवर चालणारे उपकरण एवढा अत्याचार सोसणारे हवे. बाजारातल्या अगदी स्वस्त चार्जरांवर आमचा विश्वास बसत नाही, तो म्हणूनच. लॅपटॉपच्या बाबतीत एक साधा नियम पाळता येतो: गाडी सुरू करताना आणि बंद करताना तो जोडलेला ठेवू नये.

आता मुख्य अडचण. गाडीत आहेत १२ ते १४ व्होल्ट आणि लॅपटॉपला हवे १९. हे एकोणीस आले कोठून? लॅपटॉपमधली बॅटरी लिथियम-आयन घटांची असते. एक घट पूर्ण भरताना त्याचा दाब ४.२ व्होल्ट होतो. चार घट एकसर असतील तर १६.८. लॅपटॉपच्या आतले मंडल बाहेरून आलेला दाब उतरवून घटांना देते, म्हणून बाहेरचा दाब १६.८ पेक्षा थोडा वरच हवा. १९ चा आकडा त्या हिशेबाला सोयीचा पडला आणि रूढ झाला. तीन घटांची बॅटरी असेल तर तिला भरण्यासाठी १२.६ व्होल्ट पुरतात. मोटारीच्या भरलेल्या बॅटरीचा दाबही १२.६, हा निव्वळ योगायोग! पण दोन्ही भांड्यांची पातळी सारखी असताना पाणी एकातून दुसऱ्यात जात नाही, तसेच येथेही.

दाब वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे इन्व्हर्टर. तो १२ व्होल्टच्या एकदिश धारेपासून २३० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा करतो. तिच्यावर लॅपटॉपचा नेहमीचा अ‍ॅडॉप्टर चालतो आणि पुन्हा १९ व्होल्टची एकदिश धारा करतो. पनवेलहून पेणला जायला निघून वाटेत पुण्याला जाऊन येण्यासारखा हा प्रकार आहे. प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के आणि अ‍ॅडॉप्टरची ८८ टक्के धरली, तर हाती ७५ टक्के उरतात. लॅपटॉपला ६५ वॅट द्यायचे तर बॅटरीतून ८७ वॅट निघतात, म्हणजे सव्वासात अँपिअर. शिवाय आता गाडीत खरेखुरे २३० व्होल्ट आले. त्यांचा झटका घरच्या झटक्याइतकाच जीवघेणा असतो. पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि ओले हात गाडीत असतातच, हे विसरू नये. इन्व्हर्टरवर '३०० वॅट' असे ठळक छापलेले असते, पण लायटर सॉकेटमधून तेवढे कधीच मिळणार नाहीत. ३०० वॅटसाठी जवळजवळ तीस अँपिअर लागतील आणि सॉकेटचा फ्यूज तर पंधराचा! या मार्गाचा एक फायदाही आहे. काही लॅपटॉप आपल्याच कंपनीचा अ‍ॅडॉप्टर ओळखतात आणि परका लावला तर बॅटरी भरत नाहीत. इन्व्हर्टरबरोबर मूळ अ‍ॅडॉप्टरच वापरला जातो.

दुसरा मार्ग थेट १२ चे १९ करण्याचा. आम्हाला तोच अधिक पसंत आहे आणि त्यामागचे विज्ञानही वर्गात शिकवण्यासारखे आहे. एकदिश धारेला रोहित्र चालत नाही, मग दाब वाढतो कसा?

शाळेच्या प्रयोगशाळेतली विजेची घंटा आठवा. टोला पडताना संपर्क तुटतो तेथे लहानशी ठिणगी दिसते. घंटा दोन-तीन व्होल्टवर चालते, आणि तेवढ्या दाबाने हवेत ठिणगी पडणे शक्य नाही. ती पडते घंटेतल्या वेटोळ्यामुळे. वेटोळ्यातून धारा वाहू लागली की त्याच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. मंडल एकदम तोडले की वेटोळे धारा चालूच ठेवण्याचा हट्ट धरते आणि त्यासाठी स्वतःचा मोठा दाब निर्माण करते. पाण्याचा नळ झटकन बंद केल्यावर पाइपात धाडकन आवाज होतो. तो वाहत्या पाण्याचा हट्ट, हा वाहत्या धारेचा. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगची ठिणगी पाडणारी कॉइल याच तत्त्वावर १२ व्होल्टपासून हजारो व्होल्ट तयार करते.

लॅपटॉपच्या मोटार-चार्जरमध्ये घंटेच्या संपर्काचे काम एक ट्रान्झिस्टर करतो, तेही सेकंदाला लाखभर वेळा. तो 'बंद', म्हणजे जोडलेला असतो तेव्हा १२ व्होल्ट वेटोळ्यावर पडतात आणि धारा वाढत जाते. तो उघडला की वेटोळ्याचा दाब बॅटरीच्या दाबात मिळतो आणि धारा डायोडमधून पुढच्या धारित्रात शिरते. डायोड तिला मागे येऊ देत नाही. जोडणीच्या काळात वेटोळ्यावर १२ व्होल्ट असतात. उघडलेल्या काळात बॅटरीचे १२ आणि धारित्राचे १९ यांतला फरक, म्हणजे ७ व्होल्ट उलट दिशेने असतात. वेटोळ्यातली धारा जेवढी वाढली तेवढीच कमी व्हायला हवी, नाहीतर दर आवर्तनात ती चढतच जाईल. शंभर भागांचे एक आवर्तन धरले तर ३७ भाग जोडलेले आणि ६३ भाग उघडे: १२ गुणिले ३७ म्हणजे ४४४ आणि ७ गुणिले ६३ म्हणजे ४४१. हिशेब जुळला! बॅटरीचा दाब ९ वर आला तर किती भाग जोडलेले ठेवावे लागतील, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्या. उत्तर ५३ च्या जवळ यायला हवे. चार्जरमधले नियंत्रक मंडल हे प्रमाण क्षणोक्षणी बदलत असते, म्हणून गाडीतला दाब वर-खाली झाला तरी बाहेर १९ स्थिर राहतात. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे ६५ वॅटसाठी ७२ वॅट, बरोबर ६ अँपिअर.

या मंडलाचा एक गुण मात्र पाठ्यपुस्तकातल्या सवयीला धक्का देतो. दिव्याच्या बाबतीत दाब घटला की धारा घटते. चार्जर तसा वागत नाही. त्याला ७२ वॅट हवेच असतात. दाब १२ असेल तर तो ६ अँपिअर ओढतो. दाब ९ झाला तर तो ८ ओढतो! म्हणजे तार बारीक असल्यामुळे दाबात घट झाली, की चार्जर अधिक धारा ओढतो. त्यामुळे तारेत आणखी घट, आणखी उष्णता. दिवा बारीक तारेवर मंद होऊन आपल्याला सावध करतो. चार्जर मात्र लॅपटॉपच्या पडद्यावर काहीही न दाखवता तार तापवत राहतो.

चार्जर घेताना त्यावरचा बाहेरचा दाब लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरवरच्या आकड्याशी जुळतो का ते पाहावे. वॅट तेवढेच किंवा अधिक असावेत. काही चार्जरांवर दाब निवडायचा सरकता खटका असतो. तो चुकून २४ वर गेला तर काय होईल ते सांगायला नको. यूएसबी-सी जोडणीच्या लॅपटॉपांत ही चिंता उरत नाही. तेथे चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो; मग दोघांत संदेशांची देवाणघेवाण होते आणि लॅपटॉपने मागितले तरच चार्जर ९, १५ किंवा २० व्होल्टपर्यंत चढतो. युरोपीय संघाने लॅपटॉपना हीच जोडणी सक्तीची करण्यासाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. खटक्यांचे चार्जर आता अडगळीत जातील, असे आम्हाला वाटते.

इंजिन बंद ठेवून लॅपटॉप किती वेळ चालवावा? लहान मोटारीच्या बॅटरीवर '३५ अँपिअर-तास' असे लिहिलेले असते. ६ ने भागून जवळजवळ सहा तास असे उत्तर काढण्याचा मोह होतो. पण ३५ चा आकडा वीस तासांच्या संथ उपशाचा, म्हणजे पावणेदोन अँपिअरचा आहे. उपसा जोरात केला की हाती कमी येते. हा नियम विल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ साली मांडला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही बॅटरी रिकामी करण्यासाठी बनवलेलीच नसते. सेल्फ मारताना १५० अँपिअर दोन सेकंद वाहिले, तर ३०० कूलोम विद्युतभार खर्च होतो. ३५ अँपिअर-तास म्हणजे १,२६,००० कूलोम. खर्च झाला तो जेमतेम चारशेविसावा भाग! या बॅटरीचे काम क्षणभर प्रचंड धारा देणे हे आहे, आणि त्यासाठी तिच्यात पातळ, सच्छिद्र पट्ट्या पुष्कळ असतात. रुंद तोंडाची पण उथळ परात म्हणा ना. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतल्या पट्ट्या जाड असतात. ती खोल घागर आहे. परात वारंवार तळापर्यंत उपसली, तर पट्ट्यांवर बसलेल्या लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होत जातात आणि बॅटरी पुन्हा पूर्ण भरत नाही.

म्हणून पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे १० अँपिअर-तास, एवढाच आपला वाटा समजावा. ६ अँपिअरने तो दीड तासात संपतो. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी भरलेली असेल तर लिहिण्या-वाचण्याला २५ वॅटच्या आसपास पुरतात आणि तोच वाटा चार तास जातो. शहाणपणाचा मार्ग म्हणजे गाडी चालत असतानाच लॅपटॉप भरून घेणे. अल्टरनेटर साठ-सत्तर अँपिअर देऊ शकतो, त्याला सहाचा भार जाणवतही नाही. बॅटरी उतरू नये म्हणून उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणारे आहेत. मोकळ्या जागी ते नुसते खर्चिक आहे. बंद गॅरेजात मात्र प्राणघातक आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बाहेर मुसळधार पाऊस आहे म्हणून दार लावून आत इंजिन चालू ठेवणे, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी जोखीम आहे. दुसरी जोखीम उन्हाची. लिथियम-आयन घट ४५ अंशांच्या वर भरू नयेत; मे महिन्यात उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीत तापमान सहज पन्नासच्या पुढे जाते.

कळंबोलीत विषय मोटारींवर संपवून चालणार नाही. ट्रकच्या चाकांइतकाच त्याचा दाबही वेगळा: १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर, म्हणजे २४ व्होल्ट, इंजिन चालू असताना २८. येथे लॅपटॉपसाठी दाब चढवायचा नसून उतरवायचा आहे आणि केवळ १२ व्होल्टचा चार्जर येथे जळून जाईल. त्यावर '१२–२४ व्होल्ट' असे छापलेले आहे ना, हे आधी पाहावे. बंद पडलेल्या मोटारीला ट्रकच्या बॅटरीवरून जंपर लावण्याचा 'मदतीचा हात' याच कारणाने महागात पडतो.

ट्रकमध्ये आणखी एक प्रकार सर्रास चालतो. टेप, पंखा किंवा मोबाइलचा चार्जर १२ व्होल्टचा असतो, म्हणून दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच तार घेतली जाते. काम लगेच होते आणि चूक कोठे दिसत नाही. पण भरताना काय घडते ते पाहा. दोन्ही बॅटऱ्या एकसर आहेत, त्यामुळे दोघींतून धारा सारखीच जाते. खर्च मात्र एकीचाच झालेला असतो. अल्टरनेटर दोघींचा मिळून दाब २८ झाला की समाधान मानतो. तोपर्यंत भरलेली बॅटरी १५ वर जाऊन तिच्यातले पाणी उडू लागते आणि उपसलेली १३ वरच अडकते. बेरीज २८ बरोबर! काही महिन्यांत एक बॅटरी सुकून जाते, दुसरी उपाशी मरते आणि दोष जातो बॅटरीच्या कंपनीकडे. २४ चे १२ करणारा परिवर्तक दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून लावला की हा प्रश्न येत नाही.

यातला बराच भाग वर्गात करून पाहता येतो. त्यासाठी मोटारीची बॅटरी आणू नये. संगणकाच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी पुरे. तिच्या धन टोकालगत ५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा आणि मल्टिमीटर घ्यावा. आधी दिवा आखूड जाड तारेवर लावून दाब व धारा मोजावी. मग ०.२ चौ. मिमी छेदाची पाच-पाच मीटर बारीक तार जाण्यायेण्यासाठी घेऊन तेच करावे. त्या दहा मीटरचा रोध ०.८५ ओहम भरतो. दिव्यापाशी दाब सुमारे दीड व्होल्टने कमी दिसेल, दिवा मंदावेल आणि धारा घटेल. नंतर दिव्याच्या जागी मोबाइलचा मोटार-चार्जर लावून त्यावर बरीच उतरलेली बॅटरी असलेला मोबाइल जोडावा. चार्जर १२ वॅटच्या आसपास घेत असेल तर जाड तारेवर धारा ०.९६ अँपिअर आणि बारीक तारेवर १.०३ अँपिअरच्या जवळ दिसायला हवी. चारही वाचने फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत, आणि बारीक तारेने एका ठिकाणी धारा घटली तर दुसऱ्या ठिकाणी वाढली कशी, हे सांगण्याआधी वर्गाला एक तास द्यावा.